वावरातली गैरहजेरी

आमच्या घरी कटकटीचे तीन काळ होते. मायची कटकट वर्तमानकाळातली. शेण अजून तसंच पडलं हाय, चप्पल कुठी सोडली, गडवा उष्टा काहून केला, उठ बे, हात धू बे. बाबांची कटकट भविष्यकाळातली. गणितात गचकला तं काय करशीन, कोण देईन तुले नोकरी, आम्ही काय जन्मभर पुरतो का. आणि बुढीची, म्हणजे माझ्या आजीची, कटकट सगळी भूतकाळातली. तुह्याएवढा असताना तुहा बाप वखर हाकत होता, तुहा आबाजी पायी कारंज्याच्या बाजाराले जात होता, आन् तू पाय, अजून नाक पुसता येत नाही. तिघांनी तिन्ही काळ असे वाटून घेतल्यावर माझ्या वाट्याला काहीच उरलं नव्हतं. मी दुसरीकडे जाऊन राहायला लागलो, यात नवल नाही.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याच्या बाजूचं. काळ 1985 च्या पुढचा. गावाभोवती काळी माती, तिच्यात पराटी म्हणजे कपाशी, पराटीत तुरीचे तास, धुऱ्यावर बाभळी. घर मातीचं, मागे ढोरांचा कोठा, पुढे ओसरी. माणसं जास्त आणि खोल्या कमी, त्यामुळे कटकटीला कुठे भिंत आडवी यायची नाही. मायनं कोठ्यातून दिलेली हाक चुलीपाशी बसलेली बुढी पुढे ढकलायची आणि ती ओसरीवर बाबांच्या तोंडून माझ्यापर्यंत पोचेस्तोवर तिच्यात दोन शिव्या वाढलेल्या असायच्या. मारही मिळायचा, पण मार परवडायचा. तो एकदा खाल्ला की संपतो.

बोलणं ऐकून घेताना घरातच राहून घराबाहेर जायची एक रीत मला साधली होती. तिचा पहिला नियम, डोळे मिटायचे नाहीत. डोळे मिटले की झोपला म्हणून पाठीत धपाटा. दुसरा नियम, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचं नाही, त्याच्या कानाच्या जरा वरती पाहायचं. त्याला वाटतं पोरगं लक्ष देऊन ऐकतंय. तिसरा आणि सगळ्यात अवघड नियम, मधूनमधून ‘हाव’ म्हणायचं. हे ‘हाव’ नेमक्या जागी पडलं पाहिजे. बाबा वाक्याच्या शेवटी आवाज चढवायचे, तिथे म्हटलं की बसायचं. माय मात्र मधेच फसवायची. एका सुरात चार कामं सांगून पाचवं वाक्य टाकायची, “आन् तुह्ये कान कापून कुत्र्याले टाकू का?” मी म्हणायचो, “हाव.” मग काय, आख्खं घर हसायचं आणि माझी वरात पुन्हा घरात.

या जाण्यायेण्याला खरी मोकळीक मिळायची ती वावरात. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की आम्हा पोरांचे रविवार वेचणीत जायचे. ओटी कमरेला बांधायची, प्रत्येकानं आपापली पात धरायची आणि वाकून पुढे सरकत राहायचं. कापूस वेचणं दुरून पाहणाऱ्याला फूल तोडण्यासारखं वाटतं. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोकं काट्यासारखी कडक होतात आणि ती बरोबर नखाच्या कडेला टोचतात. दुपारपर्यंत बोटांच्या पेरांवर बारीक लाल रेघा उमटतात, संध्याकाळी मिठाचं काही हातात घेतलं की त्या सगळ्या एकदम बोलतात. चार-पाच पाकळ्यांतला कापूस एकाच ओढीत, वाळकी पत्ती चिकटू न देता उचलायचा, यात हाताला काम भरपूर आणि डोक्याला शून्य. हात एकदा लयीला लागला की डोकं मोकळं सुटायचं. मायच्या लेखी मी पातीवर असायचो आणि माझ्या लेखी कुठेही.

पण मायजवळ एक विद्या होती. दुपारी भाकर खायला बसायच्या आधी ती माझ्या पातीवरून उलटी चालत जायची. हिरव्या-तपकिरी पराटीत सुटलेला कापूस पांढरा दिसतोच. सलग दहा-पंधरा झाडं साफ, मग एकदम आठ-दहा झाडांवर बोंडं तशीच, मग पुन्हा साफ. ती त्या आठ-दहा झाडांपाशी उभी राहायची आणि हातानं दाखवायची, “हे पाय. इथून तिथलोक तू वावरात नोयता.”

अगदी बरोबर. तिथून तिथपर्यंत मी वावरात नसायचो. तेवढ्या झाडांत मी मनातली आगगाडी हाकत मूर्तिजापूरच्या पुढे गेलेलो असायचो. कधीकधी तर सुटलेल्या बोंडांवरून मलाच आठवायचं की इथे आपण इंजिनात कोळसा टाकत होतो, आणि इथे, जिथे एकच बोंड राहिलंय, तिथे बाबांचा खाकरण्याचा आवाज आला होता.

पुढे फार वर्षांनी वाचलं की हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोघांनी लोकांच्या फोनवर दिवसभरात अधूनमधून प्रश्न पाठवून, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे, हे विचारलं होतं. 2010 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते छापून आलं. 2250 मोठ्या माणसांच्या उत्तरांवरून असं निघालं की जागेपणीचा जवळजवळ 47 टक्के वेळ माणसाचं मन हातातल्या कामावर नसतं. इथवर ठीक. माय पराटीतून उलटी चालत जाऊन हेच मोजत होती, तेही फोनशिवाय. पण पुढे त्यांचं म्हणणं असं की भटकणारं मन दुःखी असतं. हे मला पटत नाही. त्यांनी विचारलं ते फोनवाल्या मोठ्या माणसांना. मोठ्याचं मन भटकतं ते बहुतेक उधारीच्या वहीकडे नाहीतर कुणीतरी केलेल्या अपमानाकडे जातं. दहा-बारा वर्षांच्या पोराचं मन आखरावर जातं.

आखर म्हणजे गावाबाहेरची ती जागा, जिथे सकाळी गावभरची ढोरं गोळा होतात. तिथून ढोरकी त्यांना चारायला नेतो. माझ्या पहिल्या स्वप्नातला स्वतंत्र माणूस म्हणजे आमच्या गावचा ढोरकी. खांद्यावर आडवी काठी, डोक्यावर घोंगडीची खोळ, फडक्यात बांधलेली भाकर आणि दिवसभर माळ. त्याला कुणी पाढे विचारत नव्हतं. बोरी, सीताफळं, टेंभरं सगळी त्याच्या ताब्यात. नाल्यात डुंबायला त्याला कुणाची परवानगी नको. मी मनातल्या मनात कित्येकदा ती घोंगडी घेऊन निघालो. माझ्या त्या ढोरांना शिंगं होती पण मालक नव्हते. एकदा मी हे बुढीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, “बाप्पा, त्याले एक माय नाही बोलत, पण साठ घरच्या माया बोलतात.” मग मी संध्याकाळी मुद्दाम आखरावर जाऊन थांबलो. खरंच होतं. ढोरं परतली आणि धुरळ्यातून एकेक आवाज यायला लागला. माही भुरी कुठी हाय? वासराले लंगडं कोणं केलं? गाय आज काहून दूध चोरते? तो बिचारा काठीवर हनुवटी टेकून कुणाच्यातरी कानाच्या वरती पाहत होता आणि मधूनमधून हाव म्हणत होता. आपला धंदावाला पाहिल्यासारखं झालं मला.

दुसरा प्रयोग तांड्याचा. आमच्या गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा होता आणि तिथला एक पोरगा माझ्या वर्गात होता. कधीकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणाऱ्या लोकांचा हा पोरगा, म्हणजे याच्या घरात फिरण्याला नाही म्हणणारं कुणी नसणार, असा माझा हिशेब. एकदा त्याच्या घरी गेलो. त्याची याडी, म्हणजे आई, चुलीपाशी बसून त्याला गोरमाटीत, त्यांच्या बोलीत, बोलत होती. शब्द एक कळला नाही, अर्थ सगळा कळला. चाल तीच होती. तो माझ्याकडे पाहून हसला आणि मीही हसलो. तांडा मी त्याच दिवशी सोडला.

शकुंतला मात्र टिकली. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी ती अरुंद रुळांची आगगाडी. रूळ इतके जवळजवळ की दोन्हींवर एकेक पाय ठेवून उभं राहता यायचं. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तिथून विलायतेतल्या गिरण्यांपर्यंत पोचावा म्हणून इंग्रजी कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती टाकलेली. ताशी वीसेक किलोमीटरचा वेग. चढावर तर माणूस उतरून, आडोशाला जाऊन, धावत येऊन पुन्हा चढू शकत होता. इंजिन वाफेचं, मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं. वावरातून तिचा धूर आधी दिसायचा, मग शिट्टी ऐकू यायची, आणि पातीवरच्या बायका म्हणायच्या, “चला, शकुंतला गेली, भाकर खाऊ.”

तिचा ड्रायव्हर व्हायचं हे माझं सगळ्यात लांब चाललेलं स्वप्न. खरी शकुंतला मूर्तिजापूरला संपायची. तिथे मुंबई-नागपूरची मोठी लाईन आडवी येते आणि अरुंद गाडीला तिच्यावर चढता येत नाही. मला हे माहीत होतं. पण माझी शकुंतला तिथे थांबत नव्हती. ती मोठ्या रुळांच्या मधून, खडीवरून, तशीच पुढे निघायची. पुढे काय होतं, हे मात्र मला कधी दिसलं नाही. समुद्र मी पाहिलेला नव्हता. मुंबई पाहिली होती ती कॅलेंडरवर. त्यामुळे गाडी मूर्तिजापूर सोडायची आणि पुढे नुसतं मैदान लागायचं, आमच्याच वावरासारखं, फक्त त्यात कुणी वेचणी करत नव्हतं. महत्त्वाचं इतकंच की इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. माझ्या सगळ्या स्वातंत्र्याची व्याख्या तेवढीच होती. कुणी माझं नाव घेऊ नये. खाणंपिणं, कपडे, पैसा, यातलं काही मी स्वप्नात कधी मागितलं नाही. नाव घेतलं जाऊ नये, एवढंच.

ते वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 ला काढून डिझेलचं लावलं. आता तर गाडीच बंद आहे. पण ती गाडी आणि रूळ कुणाचे, हे कळलं तेव्हा मला जरा हसू आलं. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी ही लाईन जुन्या कंपनीचीच राहिली आणि सरकार तिच्यावर गाड्या चालवून कंपनीला पैसे मोजत राहिलं. मी ज्या इंजिनातून पळत होतो त्याच्यावरही मालक बसलेला होता.

घरात एक फोटो होता गाडगेबाबांचा. वऱ्हाडात तो बहुतेक घरी असतो. डोक्यावर मडक्याचं खापर, हातात खराटा, अंगात चिंध्या. मला तो फोटो फार आधार वाटायचा. लहानपणी मामाच्या गावी ढोरं राखलेला माणूस 1905 साली घर सोडून निघाला आणि परत संसाराला आला नाही. 1956 साली गेले तेही वाटेवरच, अमरावतीजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी. एकदा बाबांची कटकट ऐन रंगात आली असताना मी त्या फोटोकडे बोट दाखवून म्हटलं, “तेही तं घरून निंगून गेलते.” बाबा क्षणभर थांबले. मला वाटलं जिंकलो. मग ते म्हणाले, “हाव. पण जाताना झाडू घेऊन गेले. तू आधी ओसरी झाड.” मी ओसरी झाडली. त्यानंतर संतांना वादात आणलं नाही.

एक दिवस मात्र वर्षातून असा यायचा की कटकटीविरुद्ध मोठ्यानं बोलता यायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे. दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या उपटून त्या गावाच्या शिवेवर नेऊन टाकायच्या आणि बोंब ठोकायची, माशा, मोंगसे, ढेकूण, खोकला, घेऊन जा गे मारबत! नागपुरात याच दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतींची, म्हणजे रोगराई सोबत नेणाऱ्या पुतळ्यांची, मोठी मिरवणूक निघते. आमच्याकडे मिरवणूक नव्हती, नुसती पोरं आणि चिखल. या यादीत आपल्या पदरचं घातलेलं चालतं, तशी रीतच आहे. शिवेवर पोचल्यावर, मोठी माणसं जरा मागे राहिली की आमची यादी सुरू व्हायची. सतराचा पाढा घेऊन जा गे मारबत! एरंडीचं तेल घेऊन जा गे मारबत! एका वर्षी मी पूर्ण ताकदीनं ओरडलो, “अभ्यास कर, अभ्यास कर म्हणणं घेऊन जा गे मारबत!” मागून बाबांचा आवाज आला, “आन् याले आळस भरला हाय, तोही घेऊन जाय गे!” सगळी शीव हसली. मारबतनं दोघांचंही ऐकलं नाही.

बाबांच्या कटकटीत नोकरी हा शब्द इतक्या वेळा यायचा की मी तो ऐकणं सोडून दिलं होतं. पटवारी हो, एस.टी.त लाग, डी.एड. कर, मास्तर हो. काहीही हो, पण. त्या ‘पण’च्या पुढचं ते कधी बोलायचे नाहीत. ते मला कळलं कापसाच्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर.

तेव्हा कापसाची एकाधिकार खरेदी होती, 1972 पासून. म्हणजे शेतकऱ्यानं पिकवलेला कापूस सरकारी संकलन केंद्रावरच द्यायचा, दुसऱ्या कुणाला विकायचा नाही. भाव ठरलेला मिळेल, व्यापारी लुटणार नाही, असा त्यामागचा विचार. पण केंद्रावर बंड्यांची रांग लागायची ती हलायचीच नाही. ग्रेडर यायचा, बंडीत हात घालून मूठभर कापूस काढायचा, दोन बोटांत ओढून पाहायचा आणि ग्रेड सांगायचा. वर्षभराची मेहनत त्या दोन बोटांत. मग माप, मग चुकाऱ्याची, म्हणजे पैशाची, वाट पाहणं, आणि चुकाराही हप्त्याहप्त्यानं.

मला या रांगेतल्या रात्री अतिशय आवडायच्या, कारण तिथे कटकट नसायची. बाबा दमलेले असायचे आणि चार माणसांत असायचे. बैल सोडून बंडीच्या चाकाला बांधलेले, थंडी पडलेली, आणि मी कापसाच्या ढिगात गळ्यापर्यंत रुतून झोपलेलो. तशा ऊबेची रजाई पुढे कुठे मिळाली नाही. अशाच एका रात्री जाग आली तर बाबा जुवावर बसलेले होते. डोळे उघडे, नजर केंद्राच्या फाटकाच्या जरा वरती. ती नजर मी ओळखली. मी विचारलं, “बाबा, कायचा इचार करून रायले?”

“कायचा नाही. झोप.”

पण थोड्या वेळानं तेच बोलायला लागले. केळापूर-वणीकडचे लोक म्हणे रातोरात पैनगंगा ओलांडून कापूस तिकडे आदिलाबादला नेतात. आंध्रात अशी सक्ती नाही. बाजार मोकळा, व्यापारी बोली बोलतात, भाव जास्त, आणि रोख पैसा तिथल्या तिथे धोतरात. नाक्यावर सापडले तर कापूस गेला. “पाय ना,” ते म्हणाले, “आपलं वावर, आपला कापूस, आपली बंडी. आन् चोर बी आपणच.” मग आदिलाबादचा बाजार कसा असेल हे त्यांनी मला बराच वेळ सांगितलं. कुठे बंडी लावायची, बैलांना पाणी कुठे पाजायचं, आलेल्या पैशातून मायला काय घ्यायचं, मला बूट घ्यायचे की सायकल. ते तिथे कधी गेलेले नव्हते. आमचं गाव कुठे, पैनगंगा कुठे. तरी बैलांना पाणी पाजायची जागासुद्धा त्यांना माहीत होती.

मग ते एकदम थांबले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “म्हणून सांगून रायलो, मास्तर हो. मास्तराच्या पगाराले ग्रेडर नाही लागत.”

शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला छातीला लावून बाबा सभेला जायचे, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणून घसा बसेस्तोवर ओरडून यायचे, आणि घरात पाय ठेवल्याबरोबर मला विचारायचे, “बसला का अभ्यासाले?” तेव्हा मला हा अन्याय वाटायचा. बाहेर स्वातंत्र्य मागता आणि घरात देत नाही. त्या रात्रीनंतर तसं वाटायचं कमी झालं. कटकट कमी झाली असं नाही, ती होती तेवढीच राहिली. पण ‘मास्तर हो’ म्हटलं की मला पैनगंगेचं पात्र दिसायला लागलं आणि त्यातून बंडी घालणारे बाबा. स्वप्न त्यांचंही पळून जायचंच होतं. ते स्वतः पळू शकत नव्हते, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ मला पळ म्हणत होते.

मायचं स्वप्न काय होतं ते मला कधीच कळलं नाही. असण्याचा पुरावा मात्र एकदा सापडला. संक्रांतीच्या सुमाराची, उलंगवाडीकडची म्हणजे हंगाम सरतानाची वेचणी होती. तिच्या पातीवरून मी परत येत होतो आणि मधेच सहा-सात झाडं पांढरीशुभ्र. मायच्या पातीवर! जिच्या हातातून बोंड सुटलेलं कुणी पाहिलं नव्हतं तिच्या. मी तिथूनच ओरडलो, “माय, इथून तिथलोक तू वावरात नोयती वं!” पातीवरच्या सगळ्या बायका वळून पाहायला लागल्या. मायनं मान वर न करता सांगितलं, “ते कवडी हाये. सोडली म्या.” कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. मी एक बोंड हातात घेऊन पाहिलं. पाकळ्या पूर्ण उमललेल्या, कापूस लांब आणि दुधासारखा. मी काही न बोलता ती झाडं वेचून तिच्या ओटीत टाकली. ती म्हणाली, “उन्हं तापली. चाल, हात चालव.”

तर मी मास्तर झालो. डी.एड. केलं, जिल्हा परिषदेत लागलो. वर्गात खिडकीजवळ बसणारं एखादं पोरगं अधूनमधून नाहीसं होतं. अधिकारी तपासणीला आले की ते प्रश्न नेमका त्यालाच विचारतात. मी त्याची जागा बदलत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मुलांसाठीच्या करारनाम्यात, 1989 च्या, विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क म्हणून लिहिला आहे. भारतानं तो 1992 मध्ये मान्य केला. खिडकीबाहेर पाहण्याबद्दल त्यात काही नाही, पण मी ते विश्रांतीत धरतो.

वावर आता मक्त्यानं दिलं आहे आणि मायबाबा आमच्याजवळ तालुक्याच्या गावी राहतात. घरातली कटकट संपली असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही, फक्त तिची दिशा फिरली. बीपीची गोळी घेतली का, उन्हाचे फिरू नका, चहात साखर किती टाकली, फोन खिशात ठेवता तो आवाज बंद करून काहून ठेवता. हे सगळं मीच बोलतो. बायको बोलते, पोरगी बोलते. बाबा ऐकून घेतात. नजर माझ्या कानाच्या जरा वरती, आणि ‘हाव’ अगदी जागच्या जागी.

एस.टी.नं ऑगस्ट 2022 मध्ये 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास फुकट केला आणि त्यानंतर आमच्या हातात काही राहिलं नाही. बाबा आधार कार्ड घेऊन निघतात. सुरुवातीला दारव्ह्याला, मग दिग्रसला, मग यवतमाळला. काम काहीच नाही. बसतात, उतरतात, स्टँडवर चहा पितात, परत येतात. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो, ती तिकिटं त्यांनी एका प्लास्टिकच्या डब्यात जमवून ठेवली आहेत. फोन केला तर म्हणतात, आवाज नाही येऊन रायला, गाडीचा आवाज लय हाये. मला त्यांच्या मागे इंजिनाची घरघर ऐकू येते आणि पुढचं बोलणं सुचत नाही. मी मायला म्हटलं, तू का जात नाहीस त्यांच्यासंगं, बायांना अर्धं तिकीट आहे आता. ती लसूण सोलत होती. म्हणाली, “मले एस.टी. नाही लागत. मी बसल्याजागी जाऊन येतो.”

परवा बाबांनी पांढरकवड्याकडे जाणाऱ्या गाड्यांची वेळ विचारली. मी म्हटलं, तिकडे कोण आहे आपलं? कोणी नाही म्हणाले, पांढरकवड्याहून पाटणबोरी, तिथून पैनगंगेचा पूल, आणि पुढे आदिलाबाद. कापसाचा बाजार पाहायचा म्हणतात. मी सुरू झालो, एवढ्या दूर, या वयात, तिकडची भाषा येत नाही, जेवणाचं काय, गोळ्यांचं काय, आणि शेवटी हेही सांगितलं की फुकटचा प्रवास महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच आहे, पुढे तिकीट लागतं.

बाबांनी सगळं ऐकलं. दोन ठिकाणी हाव म्हणाले. मग बनियनच्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढून मोजल्या आणि म्हणाले, “पुलाच्या पुढचं मी माह्या पैशानं काढतो. तू फक्त पहिली गाडी किती वाजता हाय तेवढं सांग.”